थंडावा आणि शांतता

नागपूरच्या माणसासमोर ‘कूलर’ हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे खिडकीला टेकून उभा असलेला पत्र्याचा एक ऐसपैस पिंजरा उभा राहतो. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, मध्ये घरघरणारा पंखा, आणि पहिल्या फवाऱ्याबरोबर घरभर दरवळणारा ओलसर सुगंध. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, म्हणजे या पिंजऱ्याशिवाय आमचे पान हलत नाही. आज मी ज्या कूलरविषयी बोलणार आहे, तो मात्र याचा फार दूरचा आणि आकाराने फार लहान असा भाऊबंद आहे. त्याला पाणी घालावे लागत नाही; तो खिडकीत बसत नाही, संगणकाच्या पोटात बसतो; आणि थंड करतो तो माणसाला नव्हे, तर टपालाच्या तिकिटाएवढ्या एका सिलिकॉनच्या तुकड्याला.

मी सरकारी नोकरीतला मनुष्य. महाविद्यालयात शिकलो तत्त्वज्ञान, आणि पोट भरतो ते टिपणी, मसुदे आणि तपासण्या यांवर. तेव्हा यंत्रविद्येच्या या प्रांतात मी कसा येऊन पडलो, हे सांगणे मला भाग आहे.

माझी मुलगी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इमारतीचा आराखडा कागदावर काढून आजकाल भागत नाही. सकाळच्या उन्हात तिच्या भिंतीवर सावली कशी पडेल, संध्याकाळी काचेत काय दिसेल, याची हुबेहूब चित्रे संगणकाकडून काढून घ्यावी लागतात. हे काम ज्या फळीवर होते तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिच्यावर हजारो लहान लहान गणनयंत्रे एकाच वेळी बेरजा-गुणाकार करीत असतात, आणि एकेक चित्र पुरे व्हायला तासन्‌तास लागतात. साहजिकच ते काम रात्री लावून ठेवायचे आणि सकाळी तयार चित्र उचलायचे, असा तिचा शिरस्ता.

आमच्या सरकारी निवासस्थानात तिच्या खोलीला लागूनच माझ्या वडिलांची खोली आहे. अण्णांनी रेल्वेत छत्तीस वर्षे नोकरी केली. मालगाड्यांच्या खडखडाटात ते गाढ झोपलेले मी लहानपणी पाहिले आहेत. परंतु आता वय ८१, त्यात दम्याचा विकार. कूलरची ओली हवा त्यांना सोसत नाही, म्हणून त्यांच्या खोलीत नुसता छताचा पंखा मंद फिरत असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांची झोप उडाली. पलीकडच्या खोलीतून येणारी एक बारीक, चिरकी घरघर त्यांना स्वस्थ पडू देईना. नातीला ते काही बोलले नाहीत. पण आजोबा रात्री अंथरुणावर उठून बसतात, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने रात्री संगणक बंद ठेवण्यास सुरुवात केली. तिचे काम मागे पडू लागले. एकाची झोप आणि दुसरीचे शिक्षण यांमध्ये तळहाताएवढा एक पंखा येऊन बसला होता.

त्या पंख्याची बाजू आधी समजून घेऊ. आमच्या कार्डाला काम करताना २२० वॉट वीज लागते. या विजेचे शेवटी काय होते? चित्राबरोबर ती बाहेर जात नाही; जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन तिथेच साठते. शंभर वॉटचे दोन जुने दिवे एका पोस्टाच्या तिकिटावर पेटवून ठेवावेत, तशी ही स्थिती. ती उष्णता तत्क्षणी वाहून नेली नाही, तर चिप आपले काम मंदावते; तरीही भागले नाही, तर संगणकच बंद पडतो.

कार्डे जसजशी समर्थ झाली, तसतशी ही अडचण वाढत गेली. २००३ साली बाजारात आलेले एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ हे कार्ड त्याच्या वेगापेक्षा आवाजानेच अधिक गाजले. हातात धरण्याच्या धूळ-ओढणीच्या यंत्राचे नाव लोकांनी त्याला दिले. खुद्द कंपनीनेच आपल्या या अपत्याची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली, ही गोष्ट तिच्या विनोदबुद्धीला शोभणारी होती. २०१३ साली एएमडी कंपनीने ‘आर-नऊ २९०एक्स’ हे कार्ड आणले आणि ९५ अंश सेल्सिअसवर ते चालत राहिले तरी ती त्याची ठरवून दिलेली मर्यादाच आहे, असे सांगितले. विजेची भूक तर वाढतच गेली आहे. २०१० साली ‘जीटीएक्स ४८०’ या कार्डाचे २५० वॉट लोकांना अति वाटले होते. २०२२ साली ‘आरटीएक्स ४०९०’ ४५० वॉटांवर गेले आणि २०२५ साली ‘आरटीएक्स ५०९०’ ५७५ वॉटांवर.

कार्डाबरोबर मिळालेला कूलर पुरेसा नाही असे वाटले, तर तो काढून त्याजागी बाजारातून दुसरा आणून बसविण्याची वाट या छंदातल्या लोकांनी फार पूर्वी शोधून काढली. स्वित्झर्लंडची आर्क्टिक, दक्षिण कोरियाची झालमन अशा कंपन्यांनी केवळ यासाठी कूलर बनविले. त्यांची रचना मोठी सुबोध असते. चिपवर टेकणारा तांब्याचा एक ठोकळा. त्यातून निघालेल्या तांब्याच्या पोकळ नळ्या. नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे शेकडो पातळ पापुद्रे. आणि त्यांवर वारा घालणारे पंखे. नळ्या पोकळ असतात, रिकाम्या नसतात. हवा काढून घेतलेल्या त्या नळीत थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी जाऊन तिचे पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या अस्तरातून ते वातीतल्या तेलासारखे परत तापल्या टोकाकडे झिरपते. मेघ, पाऊस आणि नदी यांचे हे चक्र बोटभर नळीत अहोरात्र चाललेले असते.

चिप आणि ठोकळा यांच्या मध्ये एका लेपाचा पातळ थर द्यावा लागतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची मोठी कंजूष वाहक. तांबे तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगले. त्या हवेला हुसकावून लावणे एवढेच लेपाचे काम; म्हणून तो थोडका लावावा, पोळीवर तूप वाढावे तसा थापू नये.

मी काय केले? जे कोणीही करील तेच. परदेशी परीक्षकांनी प्रसिद्ध केलेले तक्ते चाळले, त्यांत आमच्याच जातीच्या कार्डावर एका कूलरने ६४ अंश तापमान राखल्याचे वाचले आणि एप्रिलमध्ये तो मागविला. आम्ही बापलेकीने रविवारी सकाळी तो बसविला. संध्याकाळी काम लावले आणि तासाभराने आकडा पाहिला, तो ८१. तक्त्यापेक्षा सतरा अंश अधिक! मला आपण फसविले गेलो असे वाटले. तक्रारअर्जाचा मसुदा माझ्या मनात तयार झाला. ‘उपरोक्त विषयान्वये’ पर्यंत मी येऊनही पोहोचलो होतो. एवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, त्यांची खोली किती गरम होती?”

तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, खोलीचे तापमान दिलेले होते: २१ अंश. आमच्या खोलीत त्या संध्याकाळी ३६ होते. ६४ मधून २१ वजा केले, तर ४३ उरतात. ८१ मधून ३६ वजा केले, तर ४५. सतरा अंशांची फसवणूक दोन अंशांवर आली आणि माझा अर्ज मनातल्या मनातच निकाली निघाला.

तापमानाच्या परीक्षेतले पहिले तत्त्व हे. तापलेली वस्तू किती वेगाने थंड होते, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते, असे न्यूटनने १७०१ साली मांडले होते. पंख्याच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या वस्तूला ते पुष्कळसे लागू पडते. कूलर चिपला अमुक अंशांवर आणून ठेवीत नाही. खोलीपेक्षा अमुक अंश वर, इतक्यावर तो तिला धरून ठेवतो. म्हणून परीक्षकाने चिपचे तापमान सांगितले आणि खोलीचे सांगितले नाही, तर त्याने अर्धेच वाक्य उच्चारले असे समजावे. ज्याच्या खोलीत २१ अंश आहेत त्याला सगळेच कूलर गुणी वाटतात. खरी निवड व्हायची ती जिथे मे महिना आहे तिथे.

दुसरे तत्त्व आवाजाचे. आणि आमच्या घरातला प्रश्न तर त्याचाच होता. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मापाच्या नावात टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची आठवण जतन केली आहे. पण हे माप किराण्याच्या दुकानातल्या किलोसारखे सरळ नाही. दहा डेसिबल वाढले, म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. सारखेच दोन पंखे एकदम चालू केले, तर डेसिबलचा आकडा दुप्पट होत नाही, केवळ तीनने वाढतो. आणि पंख्याचा वेग दुप्पट केला, तर वारा दुप्पट मिळतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने चढतो. मोठा पंखा सावकाश फिरवावा, लहान पंखा पिटाळू नये, हा शहाणपणा या हिशेबातून आला आहे.

आकड्याबरोबर अंतरही सांगावे लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आकडा सहाने उतरतो. म्हणजे ज्याला आपला माल शांत म्हणून विकायचा आहे, त्याने कूलर बदलण्याचे कारणच नाही; मापक दोन पावले मागे नेला तरी पुरते!

शिवाय आवाज मोजायचा, तर आधी शांतता हवी. आणि ती आमच्या देशात फार महाग वस्तू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविणाऱ्या एका स्नेह्याकडून मी ध्वनिमापक मागून आणला आणि दिवसा खोलीत धरला. आमच्या नागपुरी कूलरच्या घरघरीपुढे संगणकाचा आवाज त्या मापकाला ऐकूही आला नाही. तेव्हा परीक्षा मध्यरात्रीनंतर, आणि घरातली सगळी यंत्रे बंद करून घ्यायची असे ठरले. मे महिन्यात नागपुरात घरातले कूलर बंद करण्याचा प्रस्ताव मांडणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. सौभाग्यवती अंथरूण घेऊन गच्चीवर गेली. अण्णांना त्या रात्रीपुरते बहिणीकडे पाठविले. फ्रिजचे बटण बंद केले. उरलो आम्ही दोघे, घामाच्या धारा आणि चौकीदाराची काठी.

रात्री अडीचच्या सुमारास मापक ३१ वर स्थिर झाला. त्याखाली तो उतरेना. ही आमच्या शांततेची तळरेषा.

मग आम्ही रीतसर परीक्षा घेतली. चिपवर एकच ठराविक ओझे, प्रत्येक वेळी अर्धा तास. कारण पहिली दहा मिनिटे धातू तापण्यातच जातात आणि त्या वेळचा आकडा खोटी आशा दाखवितो. संगणकाची पेटी बंद, कारण ती रोजही बंदच असते. कार्डाचा वेग आणि वीज बांधून ठेवलेली. कारण अलीकडची कार्डे थंडावा मिळाला की आपणहून वेग वाढवितात, अधिक वीज घेतात, आणि चांगल्या कूलरचे श्रेय त्या वाढीत बुडून जाते. खोलीचा तापमापक जिथून पंखा हवा ओढतो तिथे टांगलेला. ध्वनिमापक एक मीटरवर. आधी नवा कूलर, मग तो उतरवून जुना, मग पुन्हा नवा. पुन्हा एवढ्यासाठी, की लेप लावणारा हात दर वेळी सारखा पडतोच असे नाही. या सगळ्यासाठी एक रात्र पुरली नाही, दोन लागल्या. दुसऱ्या रात्री एका कुत्र्याने आमच्या कामात इतका रस घेतला, की तीन नोंदी बाद कराव्या लागल्या.

खोलीत ३४ अंश होते. जुना कूलर पूर्ण वेगाने फिरविला, तेव्हा चिप खोलीपेक्षा ४७ अंश वर, म्हणजे ८१ वर राहिली आणि मापकाने ४९ डेसिबल दाखविले. नवा पूर्ण वेगाने, मिनिटाला १९०० फेऱ्यांवर फिरविला, तेव्हा ३६ अंश वर आणि ४२ डेसिबल. एवढ्यावर थांबलो असतो, तर नवा कूलर अकरा अंशांनी चांगला, असे प्रशस्तिपत्र देऊन मी झोपायला गेलो असतो. पण अण्णांना ४२ डेसिबल तरी कशाला हवेत?

येथे तिसरे तत्त्व कामी आले. थंडावा आणि आवाज ही एकाच खात्याची जमा-खर्चाची दोन पाने आहेत. पंखा वाढवून कोणीही तापमान उतरवू शकतो. पंखा कमी करून कोणीही शांतता विकत घेऊ शकतो. एक पान झाकून दुसरे दाखविणारा हिशेब हिशेबच नव्हे. म्हणून दोहोंपैकी एक समान ठेवावे आणि दुसरे ताडून पाहावे. नव्याचा वेग आम्ही ११५० फेऱ्यांवर आणला. चिप ४५ अंश वर, म्हणजे ७९ वर राहिली. जुन्याने आकांत करून जे साधले होते, त्याहून दोन अंश कमीच. मापकाने ३४ दाखविले. यातली ३१ ही तर खोलीची शांतता. ऊर्जेचा हिशेब मांडला, तर कूलरचा स्वतःचा वाटाही ३१ च निघतो, कारण दोन सारख्या आवाजांनी तीनच डेसिबल वाढतात. मग जुन्या कूलरला तेवढ्याच आवाजावर आणून पाहिले. नऊ मिनिटांत चिप ८८ अंशांच्या आपल्या मर्यादेला टेकली आणि अंग चोरून काम करू लागली. समान आवाजात एक काम करतो आणि दुसरा हात टेकतो, हा निकाल मला कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा बोलका वाटला.

पहाटे मी तक्ता तयार केला. सरकारी माणसाला रेघा मारलेला तक्ता पाहून जे समाधान होते, ते मला झाले. खाली तारीख घालून सहीसुद्धा केली. मुलगी हसली.

पुढच्याच आठवड्यात तिचा प्रकल्प सादर करायचा होता. आदल्या रात्री शेवटची चित्रे लावून ती निश्चिंत झोपली. पहाटे साडेचारला उठून पाहते, तो संगणक काळाठिक्कर. रात्री दीडनंतर केव्हातरी तो आपणहून बंद पडला होता. नोंदवही उघडून पाहिली, तर चिपचे तापमान शेवटच्या क्षणापर्यंत ७८! माझ्या सहीचा तक्ता अगदी बरोबर होता आणि यंत्र बंद पडलेले होते.

पेटी उघडली, तेव्हा तळाशी ॲल्युमिनियमचा नखाएवढा एक तुकडा पडलेला दिसला. कार्डावर चिप एकटीच नसते. तिला लागणारी वीज योग्य दाबाने पुरविणारे लहान लहान नियामक तिच्या शेजारी रांगेने बसलेले असतात, आणि तेही तापतात. जुना कूलर कितीही बेसूर असला, तरी आपला वारा त्यांच्या अंगावरून नेत होता. नव्या कूलरबरोबर त्यांच्यासाठी वेगळे तुकडे आले होते आणि ते डिंकासारख्या लेपाने चिकटवायचे होते. मी पृष्ठभाग नीट पुसला नव्हता. त्यातला एक गळून पडला. नंतर तारेचा तापमापक लावून पाहिला, तेव्हा त्या उघड्या नियामकाचा पारा ११० च्या वर गेला. चूक कंपनीची नव्हती, माझ्या हाताची होती. परंतु त्याहून मोठी चूक माझ्या तक्त्याची होती. त्यात त्या नियामकांसाठी रकानाच नव्हता. जे मी मोजले, ते सुधारले; जे मोजले नाही, ते मुकाट्याने जळत राहिले.

मुलीने सकाळी एक चित्र कमी घेऊन प्रकल्प सादर केला. घरी आल्यावर ती मला एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या दिवशी कार्यालयात बसलो होतो, आणि माझ्यापुढे एका तपासणीचा अहवाल होता. सगळे रकाने भरलेले, सगळे आकडे समाधानकारक. अशा अहवालांवर मी वर्षानुवर्षे ‘पाहिले’ असे लिहीत आलो आहे. त्या दिवशी ते पान मी उलटू शकलो नाही. या कागदात जागाच ज्याला मिळालेली नाही, असे काय या गावात तापत असेल, हा प्रश्न मला प्रथमच पडला. दुसऱ्या दिवशी मी तो अहवाल परत पाठविला आणि सोबत चार प्रश्न जोडले.

रविवारी आम्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घेतले, आणि चिकटवायच्या तुकड्यांऐवजी स्क्रूने आवळता येईल अशी पट्टी नियामकांवर बसविली. परीक्षा पुन्हा घेतली. या खेपेस तक्त्यात एक रकाना अधिक होता. त्याही परीक्षेत नवा कूलर उतरला. मी अण्णांना विचारले, “आता झोप लागते ना?” ते म्हणाले, “आवाज कमी झाला आहे खरा. पण अजून जाग येते.”

३१ डेसिबल! मापकालाही जेमतेम ऐकू येणारा आवाज या वृद्ध माणसाची झोप कशी मोडत होता? एका रात्री मी त्यांच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून पडलो. अर्ध्या तासात उत्तर मिळाले. पंख्याचा वेग संगणकच आपल्या बुद्धीने ठरवीत होता. चित्राचा अवघड भाग आला की तो चढे, सोपा आला की उतरे. क्षणभर थांबल्यासारखा होई आणि पुन्हा उसळे. मापकाने आम्हाला आवाजाची उंची सांगितली होती. त्याची चाल सांगितली नव्हती. मालगाड्या नेमाने येत आणि नेमाने जात. अण्णा त्यांत छत्तीस वर्षे झोपले. हा आवाज लहान होता, पण बेभरवशाचा होता. झोपेतला कान आवाजापेक्षा बदलाला अधिक दचकतो.

उपाय दोन मिनिटांचा होता. पंखा ११५० फेऱ्यांवर बांधून टाकला. चढणे नाही, उतरणे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अण्णा आपणहून म्हणाले, “अरे, आधी ते मशीन दम लागल्यासारखं करायचं. मला वाटायचं, माझाच दम चढतोय. आता बरं आहे.”

मी पेला खाली ठेवला. दम्याच्या रोग्याला रात्री भिंतीपलीकडून अडखळत्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मी त्याचे उत्तर डेसिबलमध्ये शोधीत होतो.

श्रोतेहो, असे वेगळे कूलर विकत घेऊन बसविण्याची प्रथा आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. कार्डांच्या उत्पादकांनीच मोठे पापुद्रे आणि तीन-तीन पंखे देण्यास प्रारंभ केला आहे. २०२१ साली तर असुस या उत्पादकाने नॉक्टुआ या ऑस्ट्रियन पंखेवाल्यांशी हातमिळवणी करून त्यांचेच पंखे आपल्या एका कार्डावर कारखान्यातून बसवून दिले. तरी आपल्यापैकी कोणाला ही खटपट करावीशी वाटलीच, तर माझ्या अनुभवाचे सार ध्यानात असू द्यावे. तक्त्यात चिपचा आकडा दिसला, तर खोलीचा विचारावा. शांततेचा आकडा दिसला, तर अंतर आणि खोलीची तळरेषा विचारावी. दोन कूलर तोलले असतील, तर कोणती गोष्ट समान ठेवली होती हे विचारावे. चिपची वाहवा झाली असेल, तर तिच्या शेजाऱ्यांची चौकशी करावी. आणि हे सगळे झाल्यावर, ज्याच्यासाठी ही खटपट आरंभिली त्याच्या खोलीत एक रात्र सतरंजी टाकून पडावे.

मोजमाप हे खोटे नसते. ते अर्धे असते, आणि उरलेले अर्धे मापकाच्या बाहेर, कोणाच्या तरी उशाशी असते. मुलीचे पुढच्या सत्राचे काम वेळेवर झाले. तिने माझ्या त्या तक्त्याखाली, माझ्या सहीच्या शेजारी, पेन्सिलीने एक रकाना वाढवून ठेवला आहे. त्याचे शीर्षक आहे ‘आजोबा’, आणि खाली एकच नोंद आहे: ‘झोपले’.